मांजरांचा हजेरीपट

"फॉलिन!"

सकाळी सातच्या सुमाराला शेजारच्या अंगणात काठी आपटायची आणि पाठोपाठ ही पलटणीतली, रांगेत या म्हणून सांगणारी आरोळी यायची. मग सगळं शांत. एकही मांजर यायचं नाही. हवालदार तरीही टाचा जुळवून, हनुवटी वर करून दोन मिनिटं उभे राहायचे आणि मग स्वतःच एकेकाचं नाव पुकारून स्वतःच उत्तर द्यायचे. "सुभेदार? हाजर. भिस्ती? हाजर. मड्डम? हाजर." सुभेदार त्या वेळी कौलांवर एक तंगडी आभाळात करून स्वतःला चाटत असायचा. भिस्ती रांजणाच्या काठावर. आणि मड्डम माझ्या खिडकीत, माझ्या धुतलेल्या धोतरावर.

पलटणीतून पेन्शनीत निघालेली माणसं तुम्ही पाहिली असतील. सातारा जिल्ह्यात राहून ती पाहिली नाहीत, असं होणारच नाही. पण मांजरांची हजेरी घेणारा तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून तीन वर्षं काढली.

मी सांगलीचा. दुसरी लढाई चालू असताना कोरेगावच्या शाळेत नोकरी लागली आणि हवालदारांच्या घराशेजारी खोली मिळाली. ते पहिल्या लढाईतले. बसऱ्याला जाऊन आलेले. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा शिरपती ब्रह्मदेशात लढाईवर, घरात सून हौसा आणि सात मांजरं. मला मांजरं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. अजूनही आवडत नाहीत. केस, वास, आणि आपल्याकडे बघायची ती रीत. जणू आपणच त्यांच्या घरात भाड्यानं राहतोय.

हवालदार हजेरी घ्यायचे ती भिंतीवर, कोळशानं. दिवाळीला हौसानं भिंत सारवली आणि सहा महिन्यांची हजेरी शेणाखाली गेली. त्या दिवशी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, शाळंत पोरांची हजेरी कशावर मांडता?"

मी शाळेतला एक वाया गेलेला, कडेला उंदरांनी कुरतडलेला हजेरीपट त्यांना आणून दिला. अक्षरओळख त्यांना पलटणीतच झाली होती. मी आपला मास्तरकीच्या सवयीनं समजावायला बसलो. आला तर 'ह', नाही आला तर 'गै'. आणि पोर शाळा सोडून कायमचं गेलं तर नावावर तांबडी रेघ ओढायची आणि पुढे लिहायचं, 'नाव कमी'. त्यासाठी तांबड्या पेन्सिलीचं एक थोटूकही दिलं.

हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच गुन्हा केलाय. "आमच्यात नाव कमी न्हाई करत, मास्तर. गैरहजर, बास."

थोटूक मात्र त्यांनी खिशात टाकलं.

मांजरांच्या वागण्याला काही अर्थ असतो, असं मला कधी वाटलं नव्हतं. हवालदारांना मात्र अर्थ न लागलेली गोष्ट सहन होत नसे. भिस्ती पाणी पिण्याआधी पंजानं पाणी ढवळायचा, निम्मं सांडायचा. मी हसलो तर म्हणाले, "हसू नगा. त्येला कायदा हाय. पानी किती खोल हाय ते बघतोय त्यो. नदी वलांडायच्या आदी आमी बी बघायचो." सुभेदार रिकाम्या भिंतीकडे तासतास बघत बसायचा. "पहारा हाय त्येचा. भितीच्या आत उंदीर चालतोय, तुमाला आयकू येत न्हाई." पलटणीतल्या स्वैपाक्यावरून नाव पडलेली लांगरी ही मांजरी रोज मेलेला उंदीर त्यांच्या वहाणेत आणून ठेवायची. "रिपोर्ट हाय." आणि मी वह्या तपासायला बसलो की मड्डम नेमकी उघड्या वहीवर येऊन बसायची, याला काय कायदा, असं मी चिडून विचारलं तेव्हा ते जरा विचारात पडले.

"तुमचं ध्यान जितं, तितं ती बसनार. मानूस घरात असून घरात नसला, की मांजराला सोसत न्हाई."

हे ऐकून माझी बायको स्वैपाकघरात मोठ्यांदा हसली, ते मला अजून लागून आहे.

"पण हाक मारली की येत का नाहीत? तुम्ही रोज घसा फोडता."

"हाक मारनाऱ्याची गरज कळती त्येंना," हवालदार म्हणाले. "गरज हाय म्हनल्यावर येत न्हाईत. गरज नसली की मांडीवर. लय हरामखोर जात. पर कायदा हाय त्येला."

एखादं मांजर दिसेनासं झालं की ते गावभर शोधत. उकिरडे, गूळ ठेवायच्या कोठारांमागचं आवार, स्टेशनाकडची बाभळीची रांग. मेलेलं मांजर त्यांना कधी सापडलं नाही. मग ते 'गै' लिहीत आणि रोज पुकारत. नायक, बिगुल्या, लांगरी, एकामागून एक अशी गैरहजर झाली तरी हजेरीत त्यांची नावं यायची. "बिगुल्या?" थोडी वाट बघायची. "गैरहजर." हजर मांजरांपेक्षा गैरहजरांसाठी ते जास्त वेळ थांबत.

आणि मग लान्सनाईक परत आला. आठ महिने बेपत्ता असलेला हा काळा-पांढरा बोका एका दुपारी कान फाटलेला, बरगड्या निघालेल्या अशा अवस्थेत अंगणात येऊन आडवा झाला. हवालदार ही बातमी सांगायला तडक शाळेत आले. चौथीचा वर्ग चालू होता. दारात उभे राहून त्यांनी मला सॅल्यूट ठोकला.

"लानसनाईक हाजर झाला, मास्तर! आठ म्हैन्यानं! म्हनलो हुतो का न्हाई?"

पोरं हसून लोळली. मी त्यांना गप्प करण्यात गुंतलो होतो, म्हणून त्यांचे डोळे भरून आलेत हे मला उशिरा दिसलं. शिरपतीचं शेवटचं पत्र येऊन त्या वेळी चार महिने झाले होते.

तिथून पुढे त्या घराचा थारा गेला. हवालदार दिंडीदरवाज्यापासून रांजणापर्यंत आणि रांजणापासून दिंडीपर्यंत येरझारा घालायचे. जेवताना उठायचे. बसलेले असताना एक पाय हलत असायचा. पोस्टमनची सायकल वाजली की ते दाराकडे जायचे नाहीत, उलट मागच्या परसात निघून जायचे, आणि तो पुढे गेला की परत येऊन विचारायचे, "कोन गेला?" मांजरांनाही ते कळायचं की काय कोण जाणे, तीही एका जागी बसेनात. कौलांवरून अंगणात, अंगणातून माझ्या खिडकीत, खिडकीतून परत कौलांवर. मला वह्या तपासता येईनात. मी बायकोवर उगाचच ओरडायला लागलो.

एकदा येरझारा घालता घालता ते दाराच्या चौकटीपाशी थांबले. तिथे खालच्या अंगाला लाकूड काळं, गुळगुळीत झालेलं होतं. मांजरं जाता-येता तिथे अंग घासायची.

"हे का करत्यात ठावं हाय, मास्तर? आपला वास लावून जात्यात. परत यायचं हाय म्हनून. ज्येला यायचं नसतं त्ये घासत न्हाई." मग हात वर करून त्यांनी चौकटीवर खांद्याइतक्या उंचीची एक जागा दाखवली. "शिरपा रजा संपून निघाला तवा हितं खांदा घासून गेला. वळकटी हुती खांद्यावर, दार बारीक. पर घासून गेला. मी बघितलं."

दार अरुंद होतं, हे त्यांनीच सांगितलं होतं.

पहिला कागद आला तो 'बेपत्ता' म्हणून. तो मीच वाचून दाखवला. हवालदार ऐकून म्हणाले, "म्हंजी गैरहजर." आणि जेवायला बसले. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

दुसरा कागद बऱ्याच महिन्यांनी आला. तोपर्यंत लढाई संपली होती, बाकीची पोरं एकेक करून घरी येत होती, स्टेशनावर हलगी वाजत होती. कागद इंग्रजी होता. मी आधी मनात वाचला आणि मग मराठीत सांगितलं: शोध करूनही काही कळलं नाही, तेव्हा तो लढाईत कामी आला असं समजण्यात येत आहे. हौसा आतल्या दारात उभी होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती रडली नाही. हवालदारांनी कागद माझ्या हातून घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, "समजत्यात. समजू द्या."

चार दिवसांनी, रविवारी, भाऊकी जमली. हवालदारांचे चुलत भाऊ तात्या पुढे होते. माणूस वाईट नव्हता.

"दादा, पोराचा जीव तकडं लटकलाय. आपल्याकडं रीत हाय. पळसाच्या पानांचा पुतळा करू, अग्नी देऊ, दहावं-तेरावं करू. मोकळा करू त्येला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् ह्या पोरीचं कपाळ. गावातल्या बाया हळदी-कुंकवाला हिला बोलवावी का न बोलवावी, ते इचारत्यात. असं मधी किती दीस ठेवायचं?"

हवालदार उठले, आत गेले, आणि हजेरीपट घेऊन आले. तो माझ्या हातात दिला.

"वाचा, मास्तर. लानसनाईकाचं वाचा."

सगळ्या जाणत्या माणसांसमोर मी एका बोक्याची हजेरी वाचून दाखवली. गै, गै, गै, गै. आठ महिने. मग ह. माझे कान तापले होते. कोणीतरी मागे खुसखुसलं.

"आवं दादा," तात्या म्हणाले, "मांजराचं येगळं, मानसाचं येगळं."

"ज्येची हजेरी मी घेतो," हवालदार म्हणाले, आणि असा आवाज मी त्यांचा फॉलिनलाही ऐकला नव्हता, "त्येचं नाव कमी करायचं तर मी करीन. भाऊकी न्हाई, सरकार न्हाई. पोरीच्या कपाळाला हात लावायचा न्हाई कुनी. उठा."

भाऊकी उठली. जाताना तात्यांनी कपाळावर बोट फिरवून मला खूण केली, की म्हाताऱ्याचं डोकं गेलंय. मी मान हलवली. ती मान मी हलवायला नको होती.

त्यानंतर महिन्याभरानं एका बाजारच्या दिवशी शाळा अर्धी सुटली. हवालदार मांजरांसाठी सुकट आणायला बाजारात गेले होते. मी परसात आलो तर कुडापलीकडे हौसा खुरप्यानं जमीन उकरत बसलेली. शेजारी पोत्याचा तुकडा, आणि त्यातून बाहेर आलेली पांढरी शेपटी. मड्डम. दोन दिवस ती माझ्या खिडकीत आली नव्हती आणि मी धोतर स्वच्छ राहिलं म्हणून खूश होतो.

"मास्तर, आबांना सांगू नगासा," हौसा म्हणाली.

मी कुडापाशी गेलो. "ही कितवी?"

"मी आल्यापास्नं चवथी. नायक, बिगुल्या, लांगरी, समदी हितंच हायती, लिंबाखाली. आदी सासूबाई पुरायच्या. जाताना त्यांनीच मला सांगितलं, त्येंच्या नजरंला मेलेलं मांजर पडू द्यायचं न्हाई. लढाईत लय बघितलंय त्येंनी." तिनं माती ओढली. "लानसनाईक तेवढा खरंच आला. त्यानंच घोळ केला बघा. आबांना वाटतंय समदीच येत्यात."

मला तिच्या कपाळाकडे बघायचं नव्हतं, पण बघितलं. तिला ते कळलं.

"मला उमगतंय, मास्तर. कागद आला तवाच उमगलं. पर मी हे पुसलं तर आबा सकाळच्या पारी कुनासाठी उठतील? म्हनून लावते."

मला हवालदारांचा राग आला. खरंच सांगतो, फार राग आला. चोवीस-पंचवीस वर्षांची पोर, ना धड सवाष्ण ना धड विधवा, सासऱ्याच्या हट्टापायी खोटं कुंकू लावून बसलीय, आणि या माणसाला भिस्तीच्या पंजाचा कायदा कळतो, पण घरातल्या सुनेचं मन कळत नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकलं, "मड्डम?" आणि मग ते लांबलचक थांबणं. "गैरहजर." मी खिडकी लावून घेतली.

पुढल्या उन्हाळ्यात मला सांगलीला शाळा मिळाली. निघताना हवालदार स्टेशनावर आले होते. गाडी येईपर्यंत फलाटावर येरझारा घालत होते, आणि गाडी आली तेव्हा नेमके दुसऱ्या टोकाला होते. डब्यातून मी हात केला. त्यांनी सॅल्यूट केला.

दीड वर्षानं कोरेगावचा एक पालक सांगलीला हळद विकायला आला होता. त्यानं बाजारातच सांगितलं, "तुमचं हवालदार गेलं की वो मास्तर. सकाळची हजेरी घेतली, रांजणापाशी टेकलं, ते तसंच. बारा-तेरा दीस झालं." मी त्याच दिवशी गाडी धरली.

अंगण तेच होतं. सुभेदार म्हातारा झाला होता, भिंतीकडे बघत बसला होता. भिस्ती आणि लान्सनाईक आत-बाहेर, आत-बाहेर करत होते. हौसानं पाणी दिलं. कपाळावर कुंकू तसंच होतं. ती आत जाऊन हजेरीपट घेऊन आली.

"उद्या तात्या येनार हायती. माझ्या कपाळाचं बोलायला. आबा असताना धजत नव्हते." तिनं हजेरीपट माझ्यापुढे ठेवला. "मला अक्षर येत न्हाई. पर हे बघा. ह्या तांबड्या रेघा कशाच्या हो, मास्तर?"

तिनं दाखवलेलं शेवटचं पान मी पाहिलं; तिथे सगळ्या मांजरांची यादी होती. नायक, बिगुल्या, लांगरी, मड्डम. चारही नावांवर सरळ, जपून ओढलेली तांबडी रेघ. प्रत्येक रेघेपुढे, कोपऱ्यात, बारीक अक्षरात तारीख आणि 'नाव कमी.' मड्डमपुढची तारीख त्याच बाजारच्या दिवसाची होती. म्हणजे सुकट घेऊन आले, लिंबाखालची ओली माती पाहिली, आणि रेघ ओढली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उभं राहून तिला हाक मारली.

आणि सगळ्या मांजरांच्या खाली, एक ओळ सोडून, 'शिरपती'. त्याच्याही नावावर रेघ होती. तारीख मी ओळखली. मी दुसरा कागद वाचून दाखवला, त्या दिवसाची. भाऊकी जमली त्याच्या चार दिवस आधी.

सगळ्या जाणत्यांसमोर मी हाच हजेरीपट हातात धरून लान्सनाईकाचं पान वाचलं होतं. त्या वेळी शेवटच्या पानावर ही रेघ होती. त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी भाऊकीला दारातून परत पाठवलं होतं, आणि गावानं त्यांना खुळ्यात काढलं ते खुशाल सोसलं होतं. आणि मी मान हलवली होती.

"रजा," मी म्हणालो. "लांबची रजा असली की तांबडी रेघ ओढतात."

आयुष्यभर शेकडो पोरांना हजेरीचे नियम शिकवले. त्यांतला हा एवढाच खोटा.

हौसानं बोट नायकाच्या रेघेवर ठेवलं. मग बिगुल्याच्या, लांगरीच्या, मड्डमच्या. ओळीनं चार. नावं वाचता येत नव्हती, पण लिंबाखाली किती पुरली ते तिला मोजता येत होतं. बोट शेवटच्या रेघेवर येऊन थांबलं.

"आन् ही बी रजाच?"

मी मान खाली घातली.

"आबांना ठावं हुतं म्हना," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं मी त्यास्नी सांबाळतीया." आणि मग ती रडली. कागद आला तेव्हा नाही, भाऊकी आली तेव्हा नाही, आता, चौकटीला पाठ टेकून, पदर तोंडात धरून रडली. मीही रडलो. भिस्ती येऊन आमच्या मधे बसला.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "तात्यास्नी काय सांगू?"

"हजेरी आता कोण घेणार?" मी विचारलं.

तिनं जरा विचार केला. "मीच की. दुसरं कोन हाय?"

"मग नाव कमी करायचं की नाही, ते तूच ठरवायचं. हवालदार सगळ्यांसमोर सांगून गेलेत."

रात्री मी ओळखीच्या शिक्षकाकडे राहिलो. सकाळची गाडी होती. पिशवी घेऊन हवालदारांच्या घरावरून निघालो तेव्हा दिंडी उघडी होती. तात्या ओसरीवर येऊन बसले होते, पागोटं मांडीवर. हौसा अंगणाच्या मधोमध उभी होती, हातात ती काठी. कपाळावर कुंकू ताजं होतं.

तिनं काठी आपटली. "फॉलिन!"

एकही मांजर आलं नाही. तिनं थोडं थांबून नावं पुकारायला सुरुवात केली. ती तिला पाठच होती. सुभेदार, भिस्ती, लान्सनाईक, हाजर. नायक, बिगुल्या, लांगरी, मड्डम. प्रत्येक नावामागे तेवढंच थांबणं. मला वाटलं, झालं. पण तिनं काठी खाली टेकवली नाही.

आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते तेवढंच. हवालदारांनीही हे नाव अंगणात कधी पुकारलं नव्हतं. तात्यांनी मान वर केली.

"शिरपती?" हौसा म्हणाली.

ती थांबली. मीही दिंडीत थांबलो. स्टेशनावर गाडीची शिट्टी झाली तरी पाय निघेना. ती पुष्कळ वेळ थांबली, सगळ्या मांजरांसाठी थांबली होती त्याहून जास्त.

"गैरहजर," ती म्हणाली, आणि काठी चौकटीला टेकवून तात्यांसाठी पाणी आणायला आत गेली.